समुद्रातल्या कुत्र्याला हाक

“हैऽया हो!” हर्णैच्या किनाऱ्यावर जाळं ओढताना आजा द्यायचा, ती हाक कस्तुरीच्या कानात अजून होती. आजा गेला, आई तिला घेऊन नेदरलँड्सला आली, पण समुद्र काही सुटला नाही. इथल्या बेटावर आई समुद्रबांधाची इंजिनियर, आणि कस्तुरी एका पोरक्या सीलच्या पिल्लाची दूधआई.

आज पिल्लाच्या सुटकेचा दिवस. बेटाची रीत अशी, की ज्यानं पाजलं त्यानं सीलचं डच नाव पुकारायचं आणि त्या हाकेवर साऱ्या गावानं पिंजऱ्याची घसरगाडी दोरानं पाण्याकडे ओढायची.

“झे-होन्त!” कस्तुरी ओरडली. अर्ध्यांनी दोर आधी ओढला, अर्ध्यांनी नंतर. गाडी तसूभर हलली नाही. पुन्हा तेच. तिकडे ओहोटी लागलेली. लाटांपलीकडचा कळप पाण्याबरोबर निघून गेला, तर पिल्लू एकटं पडणार!

“शब्द तर बरोबर आहे. मग यांचे हात का चुकतात?”

“शब्द बरोबर, वजन चुकलं, कस्तुरीबाई,” शेजारी उभा असलेला यंत्रमानव येल्मर म्हणाला. मराठी त्याला कस्तुरीच्या आईनंच शिकवलेली.

“बाई कुणाला म्हणतोस, डबड्या?”

“ऐक तर. हा सामासिक शब्द (दोन शब्द जुळून झालेला एक). झे म्हणजे समुद्र, होन्त म्हणजे कुत्रा.”

“समुद्रातला कुत्रा! तरीच भुंकतो मेला.”

“असा शब्द तोडायचा तो सांध्यावर. आव्होन्त म्हणजे संध्याकाळ, एतन म्हणजे जेवण. म्हणून रात्रीचं जेवण म्हणजे आ-व्होन्त-ए-तन. त्यातल्या ‘व्होन्त’चा ‘त’ सांधा ओलांडून पलीकडे जात नाही. आणि आघात (एका अक्षरावर दिलेला जोर) बहुतेक वेळा पहिल्या शब्दावर. दुसरा मागून हलकेच येतो. तू दोन्ही तुकडे एकाच तोलानं म्हणतेस. मग लोकांनी ओढायचं कधी?”

कस्तुरीला आज्याचे दंड आठवले. ‘है’ला दोर ताणायचा, ‘हो’ला दम सुटायचा.

“म्हणजे झेवर ओढ, होन्तवर दम!”

तिनं छाती भरून घेतली. “झेऽहोन्त!”

सगळे हात एकदम आले. गाडी करकरली, सुटली, आणि पिल्लू सुळकन पाण्यात. कळपातून भुंकणं आलं. जणू सगळे विचारत होते, कुठं होतास रे?

“उन्हाळ्यात नवी पिल्लं येतील,” येल्मर म्हणाला. “तेव्हा पोरांना हाक तूच शिकव.”

कस्तुरी हसली, पण शेजारी आलेल्या आईचा हात काही सोडेना.

“आई,” ती हळूच म्हणाली, “ते जाऊच नये, असं रोज वाटायचं गं मला.”