ठेवू कुठे?

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आजोबांनी रात्री गच्चीवर आम्हा भावंडांना सांगितलं आणि लगेच शपथ घातली. धाकट्याने तोवर पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं होतं, तेव्हा त्याची शपथ धरायची की नाही, ठाऊक नाही. माझी नक्की धरतील.

आजोबांचे एक मित्र डॉक्टरकीच्या कॉलेजात होते. दान केलेल्या देहांमधून शिकवण्यासाठी नमुने तयार करायचे आणि बरण्यांत ठेवायचे, हे त्यांचं काम. मुलं त्यांना बरणीमामा म्हणत. वर्ष संपलं की देह घरच्यांना परत द्यायचा, अशी तिथली पद्धत.

एकदा एका शिंप्याच्या देहात मामांनी लाल रंग भरला आणि जठराच्या धमन्या अशा काही उमटल्या की ते बघतच राहिले. एक डावीकडून, एक उजवीकडून, आतल्या वळणावर येऊन मिळालेल्या. खालच्या कडेने आणखी दोन. फाटे तर केसासारखे बारीक. तीस वर्षांत त्यांना असं साधलं नव्हतं. देह परत गेला, पण जठर मामांनी ठेवून घेतलं. कोण उघडून बघणार होतं?

मग एका शनिवारी संध्याकाळी शिंप्याची बायको आली.

"भाऊ, सगळं दिलंत ना त्यांचं?"

"सगळं. का हो वहिनी?"

"रोज रात्री जेवायला येऊन बसतात. ताटाकडे नुसते बघतात. म्हणतात, वाढतेस खरी, पण ठेवू कुठे?"

मामांना तिच्याकडे बघवेना. "मनाचे खेळ असतात, वहिनी," ते म्हणाले. ती गेली. त्या रात्री मामा भरल्या ताटावरून उठले.

अकरा चाळीसला ते कॉलेजात पोचले. पहारेकऱ्याला सांगितलं, बरणीत पाणी भरायचंय.

"मामा, मेलेल्यांना कसली आलीय तहान!" तो हसला.

मामांनी खोलीतला दिवा लावला. बरणी जागेवर होती. झाकण मेणाने बंद.

लाल धमन्या थरथरल्या...

थांबल्या.

पुन्हा थरथरल्या.

मामांनी स्वतःची नाडी धरली. ती धावत होती. बरणीतली... सावकाश.

साडेबाराला ते बरणी छातीशी धरून वहिनींच्या दारात उभे होते. आत दिवा होता. ताट वाढलेलं. भाताची वाफ. समोर रिकामी खुर्ची.

"वहिनी... मी खोटं बोललो."

तिने बरणी घेतली, ताटाशेजारी ठेवली. दोघं मान खाली घालून बसले. कितीतरी वेळ...

मामांनी मान वर केली तेव्हा ताट लख्ख होतं.

पहाटे त्या जठराला अग्नी द्यायचा म्हणून मामांनी स्वतः झाकणाचं मेण खरवडलं. तोवर ते कुणीही उघडलेलं नव्हतं, हे आजोबांनी दोनदा सांगितलं. आत, तळाशी, भाताची शितं होती. मामांनी बोट बुडवून एक शीत उचललं, तर ते अजून गर—

"अगं ए, ताट वाढलंय! भात गार होतोय!"

आले, आई.