वीतभर झिजलेली जागा

गंगाराम मेस्त्रीच्या दुकानात बसून कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या, की तो हातातला रंधा न थांबवता विचारायचा, "तू सोता बघलंस?" समोरचा गडबडायचा. आपण नाही, मामाने बघितलं, असं म्हणायचा. "मग मामाक धाड," म्हणून मेस्त्री पुन्हा कामाला लागायचा. मिठबावात त्याच्यापुढे देवचाराचं नाव घ्यायला माणसं कचरत, कारण तो चेष्टा करी आणि ती चेष्टा गावभर होई.

मुंबईच्या एका फर्निचरच्या कारखान्यात त्याने चौदा वर्षं पॉलिशचं काम केलं होतं. गावी परतल्यावर रस्त्याकडेला, फणसाच्या सावलीत त्याने कौलारू दुकान टाकलं. दारं, पाळणे, देव्हारे असली कामं येत. पण त्याचा खरा जीव पॉलिशमध्ये. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा पोचा त्यात भिजवायचा आणि लाकडावरून असा फिरवायचा, की शेवटी आपलं तोंड त्यात दिसलं पाहिजे. अर्धवट काम आपल्या दुकानातून बाहेर पडत नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे.

त्रेसष्ट सालचा मे महिना होता. एका सोमवारी सकाळी गावातला शेतकरी भिकाजी दुकानात आला. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. बाकड्यावर ठेवून त्याने चादर सोडली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

आत विजेवर वाजणारी गिटार होती. भिकाजीचा मुलगा बाबू जहाजावर खलाशी होता, त्याने ती कुठल्याशा जपानी बंदरातून जुनीच विकत आणलेली. गावात वीज नव्हती. त्यामुळे बाबू सुट्टीवर आला की पडवीत बसून वाजवायचा, आणि कानाशी डास गुणगुणावा तेवढाच तिचा आवाज यायचा. गेल्या पावसात लावणीची घाई असताना तो असाच बसला होता. भिकाजीचं डोकं फिरलं. धड वाजतही नाही आणि धड कामही करू देत नाही, असं म्हणत त्याने ती हिसकावली आणि भर पावसात घरापुढच्या खळ्यात भिरकावली. चार दिवस ती तिथेच पडून होती. बाबूने उचलली नाही. पाचव्या दिवशी बापाच्या पाया न पडता तो जहाजावर गेला. वर्षभर त्याची पत्रं येत होती, पण बायकोला. त्यात बापासाठी एक ओळ नसे.

आता तो जूनच्या आरंभी सुट्टीवर यायचा होता. लाल रंग पांढुरका होऊन पापुद्रे सुटलेले, लोखंडाला गंज चढलेला, अशी ती गिटार होती. भिकाजी अजूनही तिच्याकडे बघत नव्हता.

"मेस्त्री, माझ्या हातून झाला ता झाला," तो म्हणाला. "पण तेका ता दिसता नये. सगळा खरवडून नया कर."

दुसऱ्या दिवशी त्याची सून तुळसा आली. हातात हापूसची करंडी होती, पण ती आंबे द्यायला आलेली नव्हती, हे मेस्त्रीला कळलं. तिने गिटारीची वरची कड दाखवली. वाजवताना उजव्या हाताचं कोपर ते मनगट जिथे टेकतं, तिथला रंग पूर्वीच झिजून गेला होता. वीतभर लाकूड उघडं पडलेलं, आणि हात फिरवला तर गुळगुळीत लागायचं.

"ह्या पावसान नाय झाला, काकानु. ह्या तेंच्या हातान झाला," ती म्हणाली. "बाकीचा काय ता करा. येवढा ठेवा."

गंगारामने दोन दिवस विचार केला. तसं करता आलं असतं. पापुद्रे तेवढे बसवायचे, पांढुरकेपणा तेलाने घालवायचा, गंज काढायचा आणि ती जागा तशीच सोडायची. वस्तू जुनीच राहिली असती, पण जगली असती. मात्र काम सांगणारा भिकाजी होता. शिवाय चकचकीत गिटारीवर मधेच एक उघडा पट्टा पाहून लोक काय म्हणाले असते? मेस्त्रीचा पोचा तिथे पोचला नाही म्हणाले असते. गुरुवारी त्याने काचेचा तुकडा घेतला आणि सगळी गिटार खरवडून काढली, त्या जागेसकट. नवी वस्तू बघितली की सूनही खूश होईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पॉलिशचे चार हात बसले. पोचा ठेवला तेव्हा पॉलिशमध्ये खिडकीचे गज दिसत होते.

शनिवारी सकाळी ती जागा उघडी पडलेली होती.

बाकी सगळं जसंच्या तसं. वरच्या कडेला वीतभर पॉलिश तेवढं गेलेलं, आणि खालचं लाकूड गुळगुळीत. गंगारामने स्पिरिट हुंगून पाहिलं. हवा दमट असली की पॉलिश पांढरं पडतं, पण असं निघून जात नाही. मांजर म्हणावं तर ओरखडा नाही. त्याने पुन्हा हात मारले आणि जेवायला घरी गेला. परत आला तर पुन्हा तेच. रविवारी त्याने गिटार अवजारांच्या पेटीत ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. सोमवारी पेटी उघडली. ती जागा नुसती उघडी नव्हती, ओली होती. त्याने बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट लागलं.

समुद्रकाठी सगळंच खारट लागतं, असं म्हणून त्याने फडक्याने पुसलं. बायकोला, मथुराला, मात्र काही सांगितलं नाही.

मंगळवारी भिकाजीकडे तार आली. बाबूच्या जहाजाची शुक्रवार रात्रीपासून काही खबर नाही, समुद्रात वादळ होतं, शोध चालू आहे, एवढंच तारेत होतं. गाव त्यांच्या खळ्यात जमलं. बायका रडू लागल्या. भिकाजी खांबाला टेकून बसला, आणि गंगारामला पाहताच त्याने एकच विचारलं, गिटार झाली का. होत आली, असं मेस्त्री म्हणाला.

बुधवारी तुळसा दुकानात आली. डोळे कोरडे होते. मेस्त्रीने गिटारीवर फडकं टाकून ठेवलं होतं, पण तिने सरळ जाऊन ते उचललं. आपण खरवडलं होतं, असं सांगायला गंगाराम कचरला. सांगायला लागला असता तर पुढचंही सगळं सांगावं लागलं असतं.

आणि त्याने सांगितलं. चार दिवस मनात कोंडलेलं सगळं त्या पोरीपुढे बोलून टाकलं.

तिने ऐकून घेतलं. मग त्या उघड्या जागेवर तळहात ठेवला.

"गरम आसा," ती म्हणाली. "बघा तुमी."

गंगारामने हात लावला. जागा कोमट होती. पण वैशाखाचं ऊन, वर तापलेली कौलं, दुकानातला हातोडासुद्धा गरम लागत होता. तो तसं म्हणाला.

"गेलेल्या माणसाचो हात गरम नसता, काकानु," तुळसा म्हणाली. "ते खंयतरी आसत. आता हेका पॉलिश लावू नका. खबर येयसर लावू नका."

त्याने मान डोलावली. ती गेल्यावर मात्र त्याच्या मनाने उलट घेतलं. पाच दिवस वादळात, आणि जिवंत? त्या पोरीची आशा पाहून त्याला वाईट वाटत होतं, आणि स्वतःची भीती पाहून लाज.

शुक्रवारी दुपारी तो जेवायला गेला नाही. दार लावून बाकड्यासमोर बसला. मुद्दामच, तिला दिलेला शब्द मोडून, त्याने त्या जागेवर ताजा हात मारला होता. पॉलिश चकाकत होतं.

बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

थोड्या वेळाने चकाकी मंदावली. आरशावर श्वास सोडावा तशी ती कड धुरकट झाली. मग पॉलिश दबू लागलं. आधी कोपराकडून. मग मनगटाकडे. एक तार थरथरली. आवाज आला नाही, नुसती थरथर दिसली. लाकडाच्या कडेवरून पाण्याचा थेंब ओघळला आणि बाकड्यावर पडला.

गंगाराम मेस्त्रीने ते स्वतः बघितलं.

त्याला वाटलं, बुडाला बिचारा. बापाने फेकलेली वस्तू त्याच्या मनातून सुटत नाही, म्हणून अडकून पडलाय. याला मोकळं केलं पाहिजे. दया होती आणि भीतीही होती. किती दया आणि किती भीती, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही.

शनिवारी भर दुपारी, कुणी बघणार नाही अशा वेळी, तो नारळ घेऊन वेशीवरच्या राखणदाराकडे गेला. वडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. आजवर त्याने तिथे कधी हात जोडले नव्हते. लहानपणी ऐकलेलं गाऱ्हाणं आठवत आठवत त्याने घातलं.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या राखणदारा म्हाराजा. जो कोण त्या लाकडाक धरून रवलोहा, तेचो हात सोडव. तेचे हाल संपव, आणि तेका मोकळो कर, म्हाराजा."

गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या मागे चार माणसं उभी असावी लागतात. त्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं असतं, त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. इथे म्हणायला कुणी नव्हतं. स्वतःच्या गाऱ्हाण्याला स्वतःच होकार द्यायला त्याला संकोच वाटला. तो थोडा वेळ तसाच थांबला. मग नारळ फोडून घरी आला.

संध्याकाळी त्याने पुन्हा पॉलिश केलं. रविवारी सकाळी ते टिकलं होतं. सोमवारीही टिकलं. इतक्या दिवसांनी त्याला गाढ झोप लागली, आणि मंगळवारी तो गिटार घेऊन भिकाजीकडे गेला.

भिकाजीने ती मांडीवर घेतली आणि मूल कुरवाळावं तशी कुरवाळली. तुळसा उंबऱ्यात उभी होती. तिने पुढे होऊन वरच्या कडेवरून बोटं फिरवली, इकडून तिकडे आणि पुन्हा तिकडून इकडे.

"कदीपासून?" तिने हळूच विचारलं.

"शनवारपासून," गंगाराम म्हणाला.

ती आत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही.

तीन आठवड्यांनी, भातपेरणी संपत आली असताना, युसूफ नावाचा, कोकणातलाच एक खलाशी आला. बाबूच्याच जहाजावरचा. दोन्ही पायांना पट्ट्या होत्या, काठी टेकत आला होता. घरात शिरताच त्याने भिकाजीचे पाय धरले. गंगारामला कुणीतरी बोलावून आणलं. पडवीत सगळे बसले, आणि युसूफने खाली मान घालून सांगितलं.

त्या शुक्रवारी रात्री जहाज बुडालं. चौघे जण एका लाकडी फळीला धरून राहिले. पावसाची सर आली की तोंड उघडून पाणी प्यायचे. बाबू उजव्या बाजूला होता. कोपरापासून मनगटापर्यंत हात फळीवर टाकून तो लोंबकळत राहिला. लाकूड घासून त्याच्या हाताची कातडी सोलवटली, पण सगळ्यांत चिवट तोच. बोलत मात्र एकच होता, की घरी जाऊन बापाशी बोलायचं आहे. आठव्या दिवशी संध्याकाळी एक जहाज दिसलं आणि त्यांना उचललं. तिघांनाच.

तुळसा खांबाशी बसली होती. तिने विचारलं, शेवटी ते काय बोलले?

युसूफ घुटमळला. त्या आठव्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून बाबू गप्प होता, तो म्हणाला. ऊन डोक्यावर आलं होतं.

"कोणी हाक मारूची तशी तेना मान वर केल्यान," युसूफ म्हणाला. "आनी स्वच्छ बोललो, 'होय म्हाराजा.' तीनदा बोललो. मगे हात काढल्यान."

हे शब्द केव्हा म्हणतात, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाबू कुणाला ओ देत होता, असं भिकाजीने विचारलं. युसूफला ते माहीत नव्हतं.

तुळसाने मान वळवून गंगारामकडे पाहिलं.

तो उठला, पण चपला सापडेनात. समोर खुंटीला गिटार टांगली होती. वरच्या कडेला कुठेही डाग नव्हता, आणि पॉलिश इतकं स्वच्छ बसलं होतं, की त्यात मेस्त्रीला आपलं तोंड दिसत होतं.