डावी मूठ

सायकल घरी आली ती नवऱ्याच्या खांद्यावरून, चार जिने चढून. दाराशी टेकवून त्याने असा सुस्कारा सोडला, की जणू हत्ती वाहून आणलाय.

"याला म्हणतात लोखंड," तो म्हणाला. "हल्लीच्या सायकली म्हणजे नुसत्या काड्यापेट्या."

"लोखंड दिसतंय रे. सायकल कुठंय?"

तिचंही चुकत नव्हतं. भंगारातून उचललेल्या त्या सायकलीचं हँडल, मडगार्ड, घंटी, सगळं एकेकाळी क्रोमचं, आरशासारखं असणार. आता त्यावर गंजाचे फोड आले होते आणि नखाने खरवडलं की खपलीसारखा पापुद्रा निघत होता. पण नवऱ्याचा बेत पक्का होता. पुढच्या दांडीवर छोटी सीट बसवायची, तिच्यात गाठोड्याला बसवायचं आणि ऑफिसला जाता जाता पाळणाघरात सोडायचं. एक तारखेपासून तिला कामावर रुजू व्हायचं होतं. गाठोडं म्हणजे त्यांचं दहा महिन्यांचं बाळ. जन्मल्यापासून दुपट्यात गुंडाळल्याशिवाय झोपत नसे, म्हणून हे नाव पडलं आणि खरं नाव कागदावरच राहिलं.

"रविवारी बसतो घासायला," नवरा म्हणाला. त्याचा रविवार कधी उजाडत नाही हे लग्नाच्या चार वर्षांत तिला कळून चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी गाठोड्याचा दुपारी डोळा लागल्याबरोबर तिनेच बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची नोकरी. बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, नोंदी करायच्या, हा तिचा पिंडच. तिने सुटे भाग ओळीने मांडले, हातमोजे चढवले आणि फॉइलचा बोळा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवला. फॉइल क्रोमहून मऊ. चरे पडत नाहीत, गंज मात्र निघतो. निघायचा तो शेंबडासारखा, तपकिरी, तार धरणारा. बोळ्यामागून मनगटाकडे ओघळला की ती हात झटकायची. पण त्याखालून नखाएवढी चकाकी दिसली की पुन्हा हात चालू. दीड तासात अर्धं मडगार्ड झालं. मग आतून बाळाची हाक आली, आणि कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन ती धावली.

दुसऱ्या दुपारी हँडलच्या रबरी मुठी काढल्या. डावी सहज निघाली. तिच्याखालचं क्रोम कोरं करकरीत होतं, आजच दुकानातून आल्यासारखं. उजवी चिकटून बसली होती. ती तिने ब्लेडने उभी चिरली आणि तोंड फिरवलं. रबर, घाम आणि मळ यांचा आत लगदा झाला होता, मेणासारखा मऊ, काळपट. त्यात एक आखूड केस रुतला होता. वास येत होता तो बराच वेळ मुठीत धरलेल्या नाण्याचा.

लोखंडाला स्वतःचा वास नसतो, हे तिला ठाऊक होतं. किल्ली, नाणं हाताळल्यावर जो वास येतो तो आपल्याच कातडीवरच्या तेलाचा. लोखंड लागलं की ते फुटतं आणि नाकात शिरतं. म्हणजे लोखंडाचा म्हणून जो वास आपण घेतो, तो माणसाचा. कामावर आलेल्या नव्या मुलींना ती हे गमतीने सांगायची. आता ते आठवलं आणि तिने चेहरा लांब नेला. तिच्या हातात तर मोजे होते. हे तेल दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

तिने तो लगदा कागदात गुंडाळून टाकला, नळी घासून लख्ख केली, कोरडी पुसली, वर तेलाचा हात फिरवला.

तिसऱ्या दुपारी पाहते तर उजवीकडे पुन्हा गंज. बाकी सगळं हँडल चकचकीत, आणि त्या टोकाला शेजारी शेजारी चार तपकिरी पट्टे. खालून पाचवा, जाड.

"तूच हात लावला असशील," नवरा जेवताना म्हणाला.

"तेल लावून ठेवलं होतं. मापही घेतलंय. माझ्या बोटांपेक्षा एकेक पट्टा चांगला रुंद आहे. तुझ्याहूनही."

"अगं, सायकल आहे ती, पेशंट नाही. आता तिचा ताप नको बघूस."

नव्या मुठी घ्यायला ती हँडल पिशवीत घालून, गाठोडं कडेवर घेऊन, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेली. हा पूर्वी कारखान्यात लेथवर होता, आणि ते सांगितल्याशिवाय ट्यूबला हात लावत नसे.

"ताई, हा गंज पाण्याचा नाही," हँडल डोळ्याशी धरून तो म्हणाला. "हाताचा आहे. असतात असे हात. आमच्यात एक होता. तयार मालाला त्याने बोट लावलं की दुसऱ्या दिवशी तिथं गंजाचं बोट उगवायचं. स्वभावाने सोनं हो, पण साहेबाने कधी मालाजवळ फिरकू दिलं नाही."

"मी हातमोजे घालते, काका."

"तुमचं नाही म्हणत मी. या सायकलवाल्याचं म्हणतोय." त्याने हँडल फिरवलं. "गंमत बघा. डावीकडे कोरं. म्हणजे हा बाबा जन्मभर एका हाताने सायकल चालवायचा."

"आणि दुसरा हात?"

"कशाला तरी धरून असणार." गाठोड्याचा गालगुच्चा घ्यायला त्याने ग्रीसचं बोट पुढे केलं, तशी ती झटकन मागे सरली. "अहो, माझ्या हाताला नाही गंज," तो हसला. तिने हसण्याचा प्रयत्न केला.

घरी येऊन तिने ती जागा पुन्हा घासली आणि स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकने घट्ट गुंडाळली. हवा नाही, पाणी नाही, हात नाही. आता कुठून येतो बघू, असं स्वतःशी म्हणाली.

सकाळी प्लास्टिक आतून धुरकटलं होतं. खाली थेंब जमले होते, पिवळट, जड. तिने सुईने भोक पाडलं. थेंब बोटावर आला तो कोमट होता. कामावरून आणलेली, क्षार मोजायची कागदाची पट्टी तिने त्यात बुडवली, रंग पाहिला, वहीत एक शब्द लिहिला: घाम. मग वही मिटली ती पुन्हा उघडली नाही.

त्या दिवशी गाठोड्याने दूध प्यायला तोंड लावलं आणि नाक मुरडून फिरवलं. तिने हात हुंगला. तीन वेळा धुतलेल्या हाताला नाण्याचा वास होता.

हँडल गोणपाटात बांधून तिने बाल्कनीच्या कोपऱ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी बाल्कनीच्या दाराच्या कडीवर डाग होता. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या नळावर. शनिवारी ती गाठोड्याला पेज भरवत होती. अर्धी वाटी संपली तेव्हा तळाकडच्या बाजूने काहीतरी तपकिरी दिसलं. वाटीच्या बाहेरून चार बोटं. आत, पेजेत बुडालेला, अंगठा.

तिने बाळाच्या तोंडात बोट घालून होतं नव्हतं ते उपसून काढलं. बाळ भोकाड पसरून रडलं, तिच्या अंगावर ओकलं. ओकारीलाही तोच वास. वाटी सिंकमध्ये पडली होती. धीर करून तिने तिच्यावर आपला हात धरून पाहिला, आधी उजवा. जुळेना. मग डावा. अंगठ्याखाली अंगठा आला.

"मी वाटीला हातसुद्धा लावला नाही," नवरा म्हणाला. तिने त्याच्या ओल्या हातात स्टीलचं ताट दिलं, स्वतःही एक धरलं. दोन्ही ताटं रविवारभर उन्हात ठेवली. दोन्ही स्वच्छ राहिली.

सोमवारी ती कपडे पिळून बाहेर आली तेव्हा गाठोड्याच्या खाटेतून आवाज येत होता. रडणं नव्हे. बारीक, सुखाचा हुंकार, कुशीत घेतल्यावर काढतं तसा.

गाठोडं खाटेत ताठ बसलं होतं. जागच्या जागी हलकेच हिंदकळत होतं. समोर बघत होतं, डोळे बारीक करून.

पंखा बंद होता. खिडकी बंद होती.

कपाळावरचं जावळ मागे उडत होतं.

तिने झडप घालून त्याला उचललं. पोटाशी हात गेला तो ओल्यात. झबल्यावर, बेंबीच्या जरा वर, आडवी चार बोटं उमटली होती. पलीकडे बगलेखाली तळवा. कडा तपकिरी, मधे चिकट आणि अजून गरम.

तिने ते पोट साबणाने घासलं. लाल होईस्तोवर घासलं. बाळ किंचाळत होतं आणि ती घासत होती, आणि तिचं तिलाच कळत होतं की आपण आपल्या लेकराला दुखवतोय. ज्या पोटाला नाक लावलं की तिला दिवसभराचा शीण विसरायला होई, त्या पोटाला आता कुणा परक्या माणसाच्या हाताचा वास होता. त्या हाताने काही ओरबाडलं नव्हतं. सांभाळून धरलं होतं. त्याचीच तिला सगळ्यात जास्त शिसारी आली.

नवरा वाद घालण्यात वस्ताद. पण त्याने झबलं उलटसुलट पाहिलं, जवळ नेलं, लांब धरलं, आणि सायकल खांद्यावर घेतली. गोणपाट तिने चिमट्याने उचललं. शहराबाहेरच्या भंगाराच्या यार्डात लोखंड दाबायचं यंत्र होतं. त्यात हँडल, मडगार्ड, सांगाडा, सगळं जाऊन त्याची खोक्याएवढी वीट होईपर्यंत दोघं उभी राहिली. घंटी दबताना एकदा वाजली.

त्यानंतर अकरा दिवस घरात कुठेही डाग दिसला नाही. नळ, कडी, वाट्या, चमचे, झबल्याची पिन. ती रोज सकाळी सगळं उजेडात धरून पाहायची. गाठोडं पुन्हा पोटभर पिऊ लागलं, पिता पिता तिच्या गळ्यातल्या साखळीशी खेळू लागलं. बाराव्या दिवशी तिने त्याच्या पोटाला भीत भीत नाक लावलं. दूध आणि पावडर, बाकी काही नाही. ती तशीच थोडा वेळ राहिली आणि पोटभर रडली.

कामावर जायच्या आदल्या दिवशी ती बाळाला तपासणीला घेऊन गेली. दवाखान्यातला वजनाचा काटा जुना होता, वर पांढरं पारडं आणि समोर तबकडी. नर्सने गाठोड्याला उघडं करून पारड्यात निजवलं. ती बाजूला उभी राहून झबल्याची घडी घालत होती.

"बाळाची आई, हात काढा," नर्स तबकडीकडे बघत म्हणाली.

"काढलाय."

"काढा की हो. कार्डावरच्यापेक्षा दीड किलो जास्त दाखवतोय."

तिने दोन्ही हात वर केले. एकात झबलं होतं. नर्सने तिच्या हातांकडे पाहिलं, मग काट्याकडे.

"अडकला वाटतं मेला," ती पुटपुटली, आणि काटा मोकळा व्हावा म्हणून पारड्याला खालून एक धक्का दिला.

पारडं हिंदकळलं. गाठोडं दचकलं नाही. त्याच्या मऊ पोटावर, बेंबीच्या जरा वर, चार खळगे पडलेले होते. रस्त्यात खड्डा आला की पुढच्या दांडीवरच्या मुलाला जवळ ओढून घेतात, तसे ते जरासे खोल गेले.