माडीवरचे बाक

हे कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी कोणाच्या विनवण्या करणार नाही.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नीट ऐका. मार्चमधला शनिवार होता. दुपार कलली होती. बाहेर लख्ख ऊन.

जागा म्हणजे अलाबामात आमच्या टॅलो क्रीक गावाबाहेरचं सेंट बार्थोलोम्यू चर्च. गोऱ्यांचं जुनं चर्च. खाली पाठीचे, पॉलिश केलेले बाक. मागे वर एक माडी, तिथे नुसत्या फळ्यांचे बाक. गुलामीच्या काळात आमची काळी माणसं तिथे बसायची. खालच्या दाराने यायची त्यांना मनाई. बाहेरच्या भिंतीला लागून एक अरुंद लाकडी जिना आहे, त्याने वर चढायचं.

दर वसंतात गावातले जुने वाडे आणि चर्चं बघायला बाहेरगावची माणसं येतात. फोटो काढतात. अलीकडे त्यातली काही विचारायला लागली होती, "हा जिना कशासाठी?"

मग चर्चच्या देखभाल समितीने ठरवलं. जिना काढायचा, माडीचं दार खिळे ठोकून बंद करायचं. कारण काय, तर वाळवी!

हे माझ्या ओटिलिया मावशीच्या कानावर गेलं. मावशीने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात डाव हलवलेला. अख्खं गाव तिच्या हातचं खाऊन वाढलेलं.

"वाळवी यांच्या डोक्याला लागलीये," ती म्हणाली. "व्हर्नेल, गाडी काढ."

"मावशी, सुतार आज येणार आहेत."

"म्हणूनच आज."

आम्ही जिना चढून वर गेलो. मावशीने मक्याच्या पावाचा डबा उघडला आणि पुढच्या बाकावर ऐसपैस बसली. मी तिच्या शेजारी.

थोड्या वेळाने खाली समितीचे अध्यक्ष मिस्टर लँगडन आले. सोबत रॉईस सुतार.

"मिस ओटिलिया," लँगडनने खालून आवाज दिला, "उतरा बघू. फळ्या कुजल्यात. पडाल, लागेल."

"माझी पणजी याच फळ्यांवर बसायची. ती नाही पडली."

"कशाला हट्ट करता? आम्ही तिथे आठवणीची छान पाटी लावू ना."

"पाटीवर बसता येतं का?"

रॉईसला हसू फुटलं. लँगडनने त्याच्याकडे रागाने पाहिलं. "तू काम सुरू कर."

रॉईस बाहेर गेला. पहारीचा आवाज आला. मग जिन्याचा पहिला खिळा उपटल्याचा... किर्रर्र.

आणि सगळं गप्प झालं.

बाहेर पक्षी ओरडत होते, ते थांबले. रस्त्यापलीकडे कोणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता, तोही ऐकू येईना. कानात कापूस कोंबल्यासारखं झालं.

मग जिन्यावर पाऊल वाजलं...

मला वाटलं, रॉईस वर येतोय. पण पाठोपाठ दुसरं पाऊल. मग कितीतरी. जड. थकलेली. एकामागून एक चढणारी.

दार उघडलं नाही.

पण आमच्या मागचा बाक करकरला...

मग त्याच्या मागचा.

मी मान वळवली. कोणीही नव्हतं. फक्त बाकाची फळी मधोमध वाकली होती, माणसं बसल्यावर वाकते तशी. घामाचा आणि लाकडाच्या धुराचा वास आला.

"मावशी..."

"दिसतंय मला." तिचा आवाज कापत होता. मावशीचा आवाज कापताना मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता. तरी ती थोडी सरकली आणि तिने शेजारी जागा केली.

ती जागाही करकरली.

बाहेर रॉईसने दुसऱ्या खिळ्याला हात घातला असावा. कारण त्याच क्षणी...

धाड!

सगळे पाय एकदम आपटले. अख्खी माडी हादरली. खालच्या पॉलिशच्या बाकांवर धूळ पडली. बाहेर रॉईसची पहार दगडावर आपटली आणि त्याचा ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. ट्रक थांबला नाही.

"पाय आपटू नका, मिस ओटिलिया!" लँगडन ओरडला.

"अरे, माझे गुडघे बघितलेस का? मला पाय उचलवत नाही, आपटू कुठून?"

तो तणतणत बाहेर पडला आणि जिना चढून वर आला. दार ढकलून दोन पावलं आत टाकली.

आणि थिजला.

त्याला काय दिसलं, त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली. अंग चोरलं, गर्दीत चोरतात तसं. मागे वळला, तर मागेही वाट नव्हती. दार सताड उघडं, ऊन आत आलेलं, आणि त्याला बाहेर पडता येईना.

"जाऊ द्या मला," तो पुटपुटला. आमच्याकडे बघून नव्हे.

कोणी वाट दिली नाही.

मला त्याची कीव आली, खरं सांगते. मी उठायला गेले. तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला... रुंद, खरखरीत. त्याने मला खाली दाबलं. मला हलता येईना.

मग मावशी उभी राहिली. तिला कोणी अडवलं नाही.

"जिना राहणार का?" तिने लँगडनला विचारलं.

"राहील."

"मोठ्याने बोल. मला नाही, त्यांना सांग."

"राहील! जिना राहील!"

बाक एकामागून एक करकरले. पावलं दाराकडे गेली, जिन्यावरून उतरली. ट्रॅक्टरचा आवाज परत आला. लँगडन भिंतीला धरून धरून खाली गेला.

माझ्या खांद्यावरचा हात मात्र सगळ्यात शेवटी उठला.

जिना अजून आहे. लँगडनने समिती सोडली. मावशी मागच्या हिवाळ्यात गेली, झोपेत, शांतपणे.

आता नवी समिती आलीये. काल मला फोन आला, सोमवारी सुतार येणार म्हणून. वाळवी, दुसरं काय!

मी जाणार आहे. त्याच बाकावर बसणार आहे.

भीती वाटते का? वाटते. मावशी म्हणायची, ती आपलीच माणसं होती. असतील. पण तो हात मायेचा नव्हता, एवढं मला कळतं. तो मला बस म्हणत होता, आणि या खेपेला तो मला उठू देईल की नाही, कोण जाणे...

नाही दिलं तर नाही. मी तशीही उठायला चाललेली नाही.