वाल्डमाइस्टरची जुडी

घरामागच्या बीच झाडाखाली लिओबा तिसऱ्यांदा लॉनचं बी टाकत होती. उत्तरेची भिंत, बारमाही ओल, उन्हाचा पत्ता नाही... पण हट्ट म्हणजे हट्ट! वर पाऊस भुरभुरत होता.

"पाखरांची पंगत का?" कुंपणापलीकडून आवाज आला.

भिजलेली टोपी, मिस्कील डोळे... गावात नुकताच बदलून आलेला वनरक्षक, गेरेओन.

"तुम्हाला काय करायचंय?" ती फणकारली.

"काही नाही. पण सावलीशी भांडू नका. तिला रुचेल तेच लावा."

दुसऱ्या दिवशी तो वाल्डमाइस्टरची, म्हणजे सावलीत वाढणाऱ्या एका सुगंधी रानवनस्पतीची, दहा-बारा रोपं घेऊन हजर! वीतभर अंतरावर लावून त्याने वर बीचचा पाचोळा पसरला.

"पाचोळा झाडायचा नाही. माती सुकू द्यायची नाही. आणि दर शनिवारी मी तपासायला येणार."

"ही पण रोपांचीच अट?"

"सगळ्यात महत्त्वाची!"

वर्षभरात झाडाखालची जमीन हिरवीगार झाली आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पण एप्रिलमध्ये गेरेओनला पत्र आलं. उत्तरेकडच्या मोठ्या जंगलात बढती. हो की नाही, ते दोन मेला कळवायचं. लिओबाने त्याचं तोंडभर अभिनंदन केलं आणि घरी येऊन ती पोटभर रडली.

एक मेच्या जत्रेसाठी वाल्डमाइस्टरची जुडी बुडवून वाइन करायचं काम यंदा तिच्याकडे होतं. फुलं उमलायच्या आत कापायला हवं, म्हणून तिने सकाळीच जुडी कापली, नाकाशी धरली... वासच नाही!

गेरेओन फाटकातून आला तशी तिने जुडी त्याच्या छातीवर फेकली. "वर्षभर गवत वाढवलं मी! फसवलंस! आणि आता खुशाल निघून जा..."

"अगं, ताज्याला वास नसतो. जरा कोमेजू दे." त्याने जुडी खिडकीत उलटी टांगली. "मग वाइनमध्ये अर्धा तास. जास्त राहिली तर गाव डोकं धरून बसेल."

दुपारी स्वयंपाकघरभर गोड वास दरवळला. तिने जुडी वाइनमध्ये सोडली.

"गेरेओन... जाऊ नकोस."

"का?"

"माती सुकेल."

"लिओबा!"

"बरं... मला तू आवडतोस. खूप. झालं समाधान?"

"मला तर तू पहिल्या दिवसापासून..." त्याने तिला जवळ ओढलं. "तू थांबवतेस का, एवढंच बघत होतो."

पुढे घड्याळाकडे पाहायचं कुणाला सुचणार?

जत्रा झोकात झाली. दुसऱ्या सकाळी बढतीला नकार कळवून दोघं इर्मगार्डबाईंच्या बेकरीत गेली. बाई कपाळाला ओला रुमाल बांधून पाव मोजत होत्या.

"लिओबा, खरं सांग. जुडी वाइनमध्ये किती वेळ होती?"

"अडीच... तास."

गेरेओनचे कान लालबुंद झाले. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि त्या कण्हत कण्हत हसल्या.

"म्हणजे लग्न ठरलं म्हणायचं! पण त्या दिवशी वाइन मी करणार."