पूर्वेच्या माळाचा नकाशा

"नकाशा गायब झालाय, आणि चार वाजता सभा आहे!" नगररचनाकार बाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या.

वहिनींनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. खासगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळं शहर वहिनीच म्हणायचं. त्याचं कारण त्यांचे मदतनीस. ते होते त्यांचे धाकटे दीर, आणि चारचौघांत दर दोन वाक्यांमागे त्यांचं "वहिनी, वहिनी" चालायचं. भावोजी मनाने सोनं, डोक्याने जरा सावकाश.

प्रकरण असं होतं. शहराच्या पूर्वेला चाळीस एकर माळ मोकळा पडला होता. शहर वाढत वाढत त्याला जाऊन भिडलं होतं. तिथे घरं, गोदामं की शाळा नि मैदान, हे समिती आज ठरवणार होती. पावसाचं पाणी माळावर कुठे साचतं ते एकाच नकाशात निळ्या रंगाने दाखवलेलं होतं, आणि नेमका तोच कालपासून सापडत नव्हता.

"नकाशाघराची किल्ली आमच्या आरेखक काकांकडे असते," बाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं नकाशे काढतायत, चार दिवसांनी निवृत्त होतील. साहेब म्हणतात, चारपर्यंत नकाशा आला नाही तर काका निलंबित. अहो, त्यांनी कधी कुणाची पेन्सिलसुद्धा घरी नेली नाही!"

"चला भावोजी, चहा राहू द्या," वहिनी म्हणाल्या. भावोजींनी उभ्याउभ्याच कप संपवला.

नकाशाघरात मांडणीवर शे-दीडशे गुंडाळ्या होत्या. सगळ्यांच्या रेघा बाहेरून दिसत होत्या आणि कोपऱ्यातलं नाव न उलगडता वाचता येत होतं. दाराशी पत्र्याच्या डब्यात कोरे कागद गुंडाळून उभे केले होते.

"सगळं शोधलंत?" वहिनींनी विचारलं.

"एकूण एक नाव वाचलं. दोनदा," काका म्हणाले. रात्रभर झोप नसावी. "खिडक्यांना गज आहेत. रखवालदार बाहेर जाणारा प्रत्येक कागद उघडून बघतो. गेला कुठे मग?"

"काल कोण कोण आलं होतं?"

"आधी बिल्डर. मग गोदामवाले, निळा रंग कसला, असं त्यांनी नकाशावर बोट ठेवून मला विचारलं. मग मुख्याध्यापिका. त्या गेल्यावर गोदामवाले परत आले, चष्मा विसरला म्हणून. फोन सारखा वाजत होता, त्यामुळे प्रत्येकाला थोडा वेळ एकटं सोडावं लागलं. पाच वाजता बघतो तर टेबल रिकामं."

तिघेही सभेसाठी बाहेर बाकावर येऊन बसले होते. वहिनींनी एकेकाला आत बोलावलं.

बिल्डरने स्वतःचा आराखडा टेबलावर टाकला. रेघा बाहेर ठेवून गुंडाळलेला तो कागद पसरताच कोपरे खाली झुकून बसले. "पाणी कुठे येतं ते मला आधी कळलेलं बरं," तो म्हणाला. "नाहीतर घरं घेणारे माझ्याच नावाने शंख करणार."

गोदामवाल्यांचा उजवा हात पंधरा दिवसांपासून खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. पाण्याच्या बाटलीचं झाकणही भावोजींनाच उघडून द्यावं लागलं. "चष्मा? खिशातच निघाला हो!" ते ओशाळून हसले.

मुख्याध्यापिकांनी पिशवीतून बाहेरून पांढरीशुभ्र गुंडाळी काढली. आत शाळेचं रंगीत चित्र होतं. कागद सारखा मिटत होता, म्हणून भावोजी दोन्ही हातांनी तो दाबून उभे राहिले.

"अकराशे मुलं, दोन पाळ्या, आणि खेळायला जिन्याखालची जागा," त्या म्हणाल्या. "शाळा पूर्वेच्या कोपऱ्यात हवी. रस्ता जवळ आहे."

"आणि तिथेच पाणी साचत असेल तर?"

"तर काय, अजून दहा वर्षं वाट बघा!" त्या फटकन म्हणाल्या.

वहिनींनी सगळ्यांना एकत्र बसवलं. मग त्या दाराशी गेल्या आणि डब्यातले कोरे कागद एकेक करून उलगडू लागल्या. चौथा कागद उघडला आणि काका ताडकन उठले. आत निळा रंग होता.

"वहिनी, हा तर कोरा होता!" भावोजी म्हणाले.

"बाहेरून. इथली माणसं रेघा बाहेर ठेवून गुंडाळतात, म्हणजे कागद सपाट बसतो आणि नावही वाचता येतं. त्यामुळे पांढरी गुंडाळी दिसली की ती कोरी, हे इथे सगळेच धरून चालतात. म्हणूनच कुणी ती उघडून पाहिली नाही. काका किंवा बाईंनी गुंडाळला असता तर रेघा बाहेर आल्या असत्या."

"मग बिल्डर?"

"त्यांच्यानंतर गोदामवाल्यांनी नकाशावर बोट ठेवलं होतं, म्हणजे तेव्हा तो टेबलावरच होता. गोदामवाले दोनदा आले खरे, पण एवढा मोठा कागद एका हाताने इतका घट्ट गुंडाळून दाखवा बघू. राहिलं कोण? शाळेत तक्ते मळू नयेत म्हणून चित्र आत ठेवूनच गुंडाळतात. मुख्याध्यापिकांचा आजचा तक्ताही तसाच आहे."

मुख्याध्यापिकांनी मान खाली घातली.

"निळा रंग नेमका आमच्या कोपऱ्यावर होता. हातासरशी गुंडाळला आणि समोरच्या डब्यात खुपसला. सभा झाली की काढून देणार होते." त्या काकांकडे वळल्या. "तुमच्यावर बालंट येईल हे डोक्यातच आलं नाही. मला लाज वाटते, काका. साहेबांना मी स्वतः सांगते."

काकांनी नकाशा टेबलावर पसरून दाबून धरला. नगररचनाकार बाई तोवर त्यावर वाकल्या होत्या.

"अहो, एवढा उपद्व्याप करण्याआधी विचारायचंत तरी! शाळा पश्चिमेच्या उंचवट्यावर घ्या आणि सखल भागात मैदान करा. पाणी साचलं तर चार दिवस खेळ बंद, वर्ग चालू. मधल्या पट्ट्यात घरं बसतात."

"आणि माझी गोदामं?"

"हमरस्त्याकडे. ट्रक मुलांच्या अंगावर घालायचेत का?"

बिल्डर हसला. काकांनी टेबल पुसलं, पेन्सिलीला टोक केलं आणि पाऊण तासात नवा आराखडा काढला. मुख्याध्यापिका साहेबांच्या खोलीत गेल्या आणि पडेल चेहऱ्याने परत आल्या. त्यांच्या मागोमाग खुद्द साहेब आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत काकांची माफी मागितली.

समितीने तासभर कीस काढला आणि शेवटी काकांचा आराखडा मान्य केला. खाली सही फक्त अधिकाऱ्याची असे; काकांचं नाव कधीच कुठल्या कागदावर आलं नव्हतं. आपली सही झाल्यावर नगररचनाकार बाईंनी पेन काकांच्या हातात दिलं.

"आराखडा तुमचा आहे. नाव घाला."

काकांचं पहिलंच अक्षर तिरकं गेलं. "दुसरा कागद घेतो," ते घाईघाईने म्हणाले.

"घेता कशाला?" बाई म्हणाल्या. "हाच लावायचाय भिंतीवर."

काकांनी खिशातून रुमाल काढून डोळे टिपले आणि उरलेली अक्षरं सावकाश पुरी केली.