आबांना न चढलेला ताप

आजी गेल्याचं रेवतीला कळलं, तेव्हा सोबतीच्या छातीवरचा दिवा हिरवा होता.

आई तिला शाळेतून घरी घेऊन आली. घरात पाऊल टाकलं तर दारातच सोबती उभा, आणि त्याच्या छातीवर हिरवा उजेड. हिरवा म्हणजे घरातली सगळी माणसं ठणठणीत. आणि आजी तर स्वयंपाकघरात परातीपाशी कोसळली होती. हृदय बंद पडलं होतं.

सोबती हे घरचं आरोग्ययंत्र. कमरेएवढं उंच, खाली चाकं, दोन बारीक हात. बार्शीत आता बहुतेक घरांत असं एक होतं. घरातल्या प्रत्येकाने मनगटाला पट्टा बांधायचा. तो पट्टा नाडी, रक्तदाब, ताप, चालणं, झोप हे सगळं मोजून सोबतीला कळवायचा.

"हा डबा खोटारडा आहे," आबा त्या दिवशी म्हणाले. त्यानंतर त्यांनी सोबतीशी बोलणंच सोडलं. तसे ते कुणाशीच फारसे बोलेनात. ओसरीतल्या बाजेवर दिवसभर बसून राहायचे, ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. ताटातली भाकरी निम्मी तशीच राहायची.

महिनाभराने सोबती म्हणाला, "आबांना ताप आहे. एकशे दोन."

रेवती धावत ओसरीत गेली. आबांच्या कपाळाला हात लावला, तर कपाळ गार. तिने थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव.

"काय चाललंय गं तुझं?" आबा थर्मामीटर तोंडातून काढत म्हणाले. "मला काय धाड भरलीय?"

दुसऱ्या दिवशी सोबती पुन्हा म्हणाला, एकशे दोन. तिसऱ्या दिवशीही तेच.

आता रेवतीच्या मनात पाल चुकचुकली. आजीच्या वेळी हा म्हणाला सगळं ठीक, आणि ठीक नव्हतं. आबांच्या वेळी म्हणतो ताप, आणि ताप नाही. हा चुकतोय की मुद्दाम करतोय? आजी तर गेली. आता आबांचं काही झालं तर?

ती त्याच्यावर नजर ठेवू लागली. त्याची चाकं वाजली की अभ्यास सोडून मागे जायची. आणि एका दुपारी तिने पाहिलं, की सोबती ओट्यापाशी उभा राहून आबांच्या ताकात पांढरी पूड ढवळतो आहे.

"थांब! काय घालतोयस त्यात?" तिने पेला हिसकावला आणि ताक मोरीत ओतून दिलं.

"मीठ आणि साखर," सोबती शांतपणे म्हणाला. "तापात घाम येतो. घामातून पाणी आणि मीठ निघून जातं. ते भरून काढायला हवं. नुसतं मीठ-साखरेचं पाणी ते माझ्या हातून घेत नाहीत, म्हणून ताकात घातलं."

"न सांगता?"

"न सांगता. ते चुकलं."

"आणि ताप नाहीच आहे त्यांना! मी मोजलाय."

"पट्टा सांगतो की आहे."

रेवतीने कमरेवर हात ठेवले. "बरं. मग तुझा पट्टा अजून काय काय सांगतो? आज आबांनी काय केलं सकाळपासून?"

"पुष्कळ चालले. मधे मधे थांबून खाली वाकले. नंतर सावलीत बसून राहिले, पण बसल्या जागी त्यांचा हात बराच वेळ हलत होता. आणि जेवणाआधी त्यांनी उंच उडी मारली."

"कुणी?"

"आबांनी. साडेतीन फूट."

रेवती त्याच्याकडे पाहतच राहिली. बाजेवरून उठताना सुद्धा आबा गुडघ्यावर हात दाबून "आई गं" म्हणायचे. मग तिला एकदम तो सदरा आठवला. ती ओसरीत गेली.

"आबा, बाही वर करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना."

आबांनी तोंड फिरवलं. रेवतीने स्वतःच बाही सरकवली. मनगट मोकळं होतं. पट्ट्याच्या जागी नुसता गोरा वण.

तेवढ्यात परसातून घुंगरू वाजलं. आजीची शेळी रंभा कुंपणाच्या भिंतीवर चढून शेवग्याचा पाला ओरबाडत होती. रेवतीने परसात जाऊन तिच्या गळ्यातल्या घुंगराखाली चाचपलं. केसांत दडलेला पट्टा हाताला लागला.

"आबा! शेळीला?"

"मग काय करू?" आबा चिडून म्हणाले. "नुसता काढून ठेवला की हा डबा बोंबलत सुटतो. कुणाच्या तरी जिवंत अंगावर हवा ना! आणि रंभेची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे."

सोबती उंबऱ्यापर्यंत आला होता. "शेळी निरोगी असली, तरी तिचं अंग माणसापेक्षा गरम असतं," तो म्हणाला. "एकशे दोन, एकशे तीन हेच तिचं नेहमीचं. सावलीत बसून ती रवंथ करत होती, तेव्हा मान हलायची. मी त्याला हात समजलो. माझ्याकडे माणसांचेच आकडे आहेत. समोर शेळी असेल, हे माझ्या मनात आलं नाही."

"आणि हिची आजी कोसळली तेव्हा तुझ्या मनात काय आलं होतं?" आबांचा आवाज चढला. "हिरवा दिवा लावून उभा होतास दारात!"

सोबती आबांकडे वळला.

"कणीक मळताना आजी पट्टा काढून खिळ्याला अडकवत. पट्टा काढला की शेवटचा आकडा तसाच राहायचा. तो चांगला होता, म्हणून दिवा हिरवा राहिला. ती माझी खोट होती. नंतर ती दुरुस्त केली, म्हणून आता पट्टा काढला की मी आवाज करतो. आजींना जिना चढताना धाप लागायची का, घाम फुटायचा का, पाठीत किंवा जबड्यात दुखायचं का, हे मला कधी कळलं नाही. कुणी सांगितलं नाही."

"पाठ धरायची तिची," आबा हळू म्हणाले. "पित्त झालंय म्हणायची."

रेवतीने रंभेच्या गळ्यातला पट्टा सोडला, तसा सोबती वाजू लागला. तिने पट्टा आबांपुढे धरला. "आबा, तुमचं काय दुखतंय ते तरी सांगा. तुम्हीही पित्तच म्हणणार का?"

आबांनी पट्ट्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

दिवा पिवळा झाला.

"रक्तदाब (वाहतं रक्त नळ्यांच्या भिंतींवर देतं तो जोर) वाढला आहे," सोबती म्हणाला. "डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि मी यांना जास्तीचं मीठ पाजत होतो. ते उलट वाईट होतं."

"झोप लागत नाही गं मला," आबा रेवतीला म्हणाले, सोबतीला नाही. "घास उतरत नाही. पण याचा आणि रक्तदाबाचा काय संबंध?"

"सांग," रेवती सोबतीला म्हणाली. "सरळ सांग. मी पडताळून बघणार आहे."

"दुःख झालं की मेंदू शरीराला संकटाचा इशारा देतो. रक्तात संप्रेरकं (एका अवयवाचा निरोप दुसऱ्याला पोचवणारी द्रव्यं) सुटतात. हृदय जोरात चालतं, पोटाचं काम मंदावतं, म्हणून भूक मरते. पोटात अन्न नाही, तर अंगात बळ नाही. बळ नाही म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिलं की झोप नीट येत नाही, आणि झोप नसली की रक्तदाब चढतो. विहिरीवरच्या रहाटासारखं आहे. एक दात अडकला की सगळं चाक अडतं."

"मग सोडवायचं कुठून?"

"जो दात हाताला लागेल तिथून. सकाळच्या उन्हात चाललं की मेंदूला दिवस आणि रात्र नीट कळतात, झोप सुधारते. चालल्याने भूक लागते. जेवताना कुणी सोबत असलं, तर घास उतरतो. पण डॉक्टरांचं औषध याशिवाय वेगळं. नुसत्या चालण्यावर भागायचं नाही."

आबा कुंपणाकडे पाहत होते. "रंभा रोज किती चालते म्हणालास?"

"पुष्कळ. तिचे आकडे फार चांगले आहेत."

"असणारच. हिच्या आजीनेच वाढवलीय."

डॉक्टरांनी गोळी दिली आणि मीठ कमी सांगितलं. आता सकाळी आबा रंभेला मोकळ्या रानात चारायला नेतात, हळूहळू, गुडघा सांभाळत. रेवती शाळेच्या वेळेपर्यंत बरोबर असते. परत आल्यावर ती आबांच्या मनगटावर दोन बोटं ठेवून, घड्याळ बघून नाडी मोजते, आणि मगच सोबतीला त्याचा आकडा विचारते. बहुतेक वेळा जुळतो. जुळला नाही तर दोघंही पुन्हा मोजतात.

"अजून माझा संशय येतो?" सोबतीने एकदा विचारलं.

"येतो," रेवती म्हणाली. "म्हणून तर मोजते."

आबा आता पाऊण भाकरी खातात. सोबतीला डबाच म्हणतात, पण रात्री झोप लागली नाही तर सकाळी त्याला सांगतात.

स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आजीचा पट्टा अजून तसाच आहे. तो कुणी काढलेला नाही.